टाकीचं झाकण उघडण्याआधी

तुमच्या सोसायटीच्या संडासाची टाकी नेमकी कुठे आहे, सांगता येईल?

बहुतेकांना येत नाही. मलाही येत नव्हतं, आणि मी तेव्हा सेक्रेटरी होतो. कुणाच्या बाथरूममधून खाली गळतं, कुणाचा मेंटेनन्स थकलाय, कुणाचा पाहुणा भलत्याच्या जागेवर गाडी लावतो, सगळं तोंडपाठ. टाकीचा पत्ता नाही. ती भरून वाहायला लागली तेव्हा शोधाशोध झाली. झाकण चेअरमनच्या गाडीखाली निघालं.

२०१४ चा जुलै होता. पाऊस लागून राहिलेला. तळमजल्यावर घाण वर यायला लागली, पार्किंगमध्ये वास सुटला. लोकांचे फोनवर फोन. वॉचमनच्या ओळखीने एक ठेकेदार आला. उपसणाऱ्या गाडीचे १२,४०० सांगितले, माणसं उतरवून करायचे ४,०००. आम्ही चार हजारांवर हो म्हटलं. चर्चासुद्धा झाली नाही.

तो दोन पोरं घेऊन आला. धाकटा वीस-बावीसचा असेल. ठेकेदार मला बाजूला घेऊन म्हणाला, “साहेब, आधी दोनशे द्या. क्वार्टर मारल्याशिवाय उतरत नाही तो.” मी दिले. व्हाउचरवर ‘चहापाणी’ लिहिलं.

पोरगा चड्डीवर उतरला. कमरेला दोरी, हातात बादली. वर आला तेव्हा वॉचमनने झाडांना पाणी घालायच्या पाइपने त्याला धुतलं. साबण कुणी दिला नाही, मीही नाही. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या एकेक करून लागल्या. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला अंगठे आले. त्याच वर्षी आम्हाला स्वच्छ सोसायटीचं बक्षीस मिळालं आणि ते प्रशस्तिपत्रक काच लावून लिफ्टशेजारी टांगलं.

पोरगा धड वर आला. त्यात माझी काही कर्तबगारी नव्हती. हवा बरी निघाली, एवढंच.

हे मी तुम्हाला लाजेपोटी सांगतोय असं समजा. पण नुसती लाज वाटून घेऊन बसू नका. तुमच्याकडे हे होऊ नये म्हणून काय करायचं ते नीट ऐका. फार अवघड नाही.

आधी टाकीत काय असतं ते समजून घ्या. बंद टाकीत मैला कुजतो आणि त्यातून वायू तयार होतात. एकाला सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो थोडा असला तर नाकाला कळतो. जास्त असला तर नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. म्हणजे ‘आता वास कमी झालाय, उतर’ असं म्हणण्याची वेळ सगळ्यात वाईट असू शकते. दुसरा वायू पेट घेतो. म्हणून मेणबत्ती किंवा काडी पेटवून हवा तपासायची जुनी पद्धत कुणी सुचवली तर त्याला थांबवा. शिवाय आत प्राणवायूच कमी असतो. काठीने मैला ढवळला की खाली अडकलेला वायू एकदम वर येतो. दोन श्वासांत माणूस कोसळतो. हाक मारायलाही वेळ मिळत नाही. झाकण तासभर उघडं ठेवलं म्हणून आतली हवा चांगली झाली, असंही धरून चालू नका.

आणि मग दुसरा त्याला काढायला उतरतो. दुसऱ्यामागून तिसरा. म्हणूनच अशा बातम्यांत बहुतेक वेळा एकाच टाकीत दोन-तीन जण गेलेले असतात.

डिसेंबर २०१९ मध्ये मुंबईत गोवंडीला एका खासगी सोसायटीच्या टाकीत तीन मजूर गेले. त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने प्रत्येकीला १० लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं. २०२२ ला दिवाळीच्या तोंडावर पुण्याजवळ वाघोलीत तेच झालं, तीही रहिवासी सोसायटीच. ९ एप्रिल २०२४ ला विरारच्या एका मोठ्या वसाहतीत, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात चार मजूर गेले. त्या दिवशी गुढीपाडवा होता. वर गॅलऱ्यांतून गुढ्या उभ्या असतील.

या तिन्ही जागा गलिच्छ वस्त्या नव्हत्या, हे लक्षात घ्या. तुमच्या-माझ्यासारख्यांची घरं होती. तिथली रजिस्टरं पाहिली तर कदाचित ‘तक्रार: नाही’ असंच असेल. सरकारनेच संसदेत सांगितल्याप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत देशात गटारं आणि टाक्या साफ करताना ३७७ माणसं गेली.

ही माणसं कुठून येतात, हेही विचारून बघा. केंद्र सरकारने शहरांतल्या अशा सफाई कामगारांची नोंद केली. त्यातल्या ३८,००० जणांची माहिती हाती आली तेव्हा जवळपास ९२ टक्के दलित, आदिवासी किंवा मागासवर्गीय निघाले. जात आता कुठे राहिली आहे, असं आपण चहा पिताना म्हणतो. टाकीत राहिली आहे.

कायदा काय म्हणतो ते सोप्या शब्दांत सांगतो. २०१३ साली कायदा झाला, ६ डिसेंबर २०१३ पासून लागू आहे. सुरक्षेची साधनं न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये सफाईला उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आम्ही कुठे उतरवला, ठेकेदाराने उतरवला’ हे चालत नाही. थेट असो की दुसऱ्यामार्फत, कायदा दोन्ही धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ ला मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. ती आधी सरकारने द्यायची असली तरी जबाबदार माणसांकडून वसूल होऊ शकते. व्हाउचरवर सही कुणाची असते, ते आठवा. माझी होती, आणि कायदा येऊन सात महिने झाले होते. मला माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कुणाला.

आता कामाला लागा.

येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी खाली जा. टाकी शोधा. जुन्या इमारतीत नकाशा सापडत नाही, तेव्हा जुन्या वॉचमनला नाहीतर प्लंबरला विचारा. झाकणावर पिवळा रंग मारा आणि त्यावर गाडी लावू नका. झाकण फुटकं असेल तर आधी ते बदला. मुलं तिथेच क्रिकेट खेळतात.

टाकी शेवटची कधी उपसली त्याची तारीख काढा. दोन-तीन वर्षांतून एकदा ती उपसून घ्यायची असते, भरून वाहायची वाट बघायची नसते. हे मी मुद्दाम सांगतोय. माणूस आत उतरतो तो बहुतेक वेळा घाईत उतरतो. पाऊस असतो, तळमजल्याचे लोक भांडत असतात, गाडी मिळत नसते, आणि मग ‘एवढ्या वेळेपुरतं करून घेऊ’ असं ठरतं. घाई तुम्ही टाळलीत तर निम्मं काम झालं. मार्च-एप्रिलमध्ये गाडी बोलवा. पंप लावून, पाइप टाकून, बाहेरून उपसणारी. महापालिकेकडे, नगरपालिकेकडे अशा गाड्या असतात. खासगी गाडीवालेही असतात. कॅलेंडरवर पाण्याची टाकी धुवायची तारीख लिहिता ना, तिच्याखालीच ही लिहा.

गावाकडे घर असेल तर तिथेही हेच. अंगणातल्या टाकीला कमिटी नसते, तेव्हा मालक तुम्हीच आणि गुन्हाही तुमचाच.

कोटेशन घेताना एक वाक्य लिहून घ्या: ‘कोणत्याही कारणाने माणूस टाकीत उतरणार नाही.’ त्याखाली ठेकेदाराची सही. तो हसेल. “तळाचा गाळ गाडीने निघत नाही साहेब, शेवटी पोरगा उतरवावाच लागतो,” म्हणेल. घट्ट झालेला गाळ पाण्याचा जोराचा मारा करून सैल करता येतो, मग उपसता येतो. त्याला जास्त वेळ लागतो, पाणी लागतं, पैसे लागतात. ते द्या. तरीही तो अडून बसला तर दुसरा बघा. आणि गमबूट नि रबरी हातमोजे दाखवून ‘सेफ्टी आहे’ म्हणणाऱ्याला तर फाटकातूनच परत पाठवा. गमबुटाने श्वास घेता येत नाही. आत उतरण्यावाचून गत्यंतरच नाही असं कुणाला वाटलं, तरी तो निर्णय तुमच्या कमिटीने घ्यायचा नाही. महापालिकेला लेखी कळवा, ते ठरवतील. तोवर दोन दिवस वास सहन करा.

काम चालू असेल त्या दिवशी कमिटीतल्या एकाने तिथे उभं राहायचं. वॉचमनवर सोडून ऑफिसला जायचं नाही. गाडीवरच्या माणसांनाही पाणी, साबण, हात-पाय धुवायला जागा आणि चहा द्या. रोजच्या कपातला चहा.

एवढं करूनही कधी कुणी आत पडलाच, तर एक गोष्ट घरातल्या पोरासोरांनाही सांगून ठेवा. मागोमाग उतरायचं नाही. जीव तुटेल, तरी नाही. अग्निशमन दलाला १०१ वर फोन, नाहीतर ११२. रुग्णवाहिकेला १०८. सगळी झाकणं उघडायची, आसपास कुणी बिडी-काडी पेटवायची नाही, गर्दी हटवायची. त्या माणसाच्या कमरेला आधीच दोरी असेल तर बाहेरूनच ओढायचं. ज्यांच्याकडे श्वासाची टाकी आणि मुखवटा असतो, तेच आत जातील.

शेजारच्या सोसायटीत कुणी उतरताना दिसला तर तेही तुमचंच काम समजा. हातातली पिशवी खाली ठेवा आणि थांबवा. ऐकलं नाही तर १४४२० या क्रमांकावर कळवा, तो याच कामासाठी आहे. शेजाऱ्यांशी वाकडं येईल. येऊ द्या.

सभेत लोक काय म्हणतील ते मला पाठ आहे, कारण त्यातलं निम्मं मीच म्हणालो होतो.

‘परवडत नाही.’ हिशेब मांडा. आमच्याकडे गाडी आणि माणसं यांत फरक होता ८,४०० रुपयांचा. घरं २४. म्हणजे घरटी ३५० रुपये, तेही दोन-तीन वर्षांतून एकदा. त्याच वर्षी आम्ही गेटवरच्या नावाला पितळी अक्षरं बसवली होती. त्या पोराचा जीव आम्ही साडेतीनशेला तोलला, हे मला फार उशिरा सुचलं. तुम्ही आत्ताच आकडा काढा आणि सभेत फळ्यावर लिहा. फळ्यावर लिहिलेल्या आकड्याकडे बघून ‘नको’ म्हणणं जड जातं.

‘त्यांना सवय असते.’ सवय असती तर क्वार्टर लागली नसती.

‘ते स्वतःहून येतात, पैसे मिळतात, पोट भरतं त्यांचं.’ हे जरा खरं आहे, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. काम काढून घेऊ नका, काम बदला. गाडी चालवायला, पंप धरायला, पाइप ओढायलाही माणसं लागतात. ज्या गटाकडे यंत्र आहे, त्यांनाच वर्षाचं काम द्या, आणि पैसे वेळेवर द्या. सगळ्यांना घाण आपल्यापासून दूर जायला हवी असते आणि बिल मात्र जवळ नको असतं.

एक गृहस्थ तर म्हणाले, “असल्या भानगडी असतील तर मी फ्लॅट विकून दुसरीकडे जातो.” जा बापडे. तिथेही संडास असणारच.

आता घरातलं बघा. टाकी आणि चेंबर तुंबतात ते बऱ्याचदा आपण आत टाकतो त्याने. सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, निरोध, कापडाची फडकी, केसांचे गुंते, दोरे. संडासात मैला, पाणी आणि फार तर संडासाचा कागद, एवढंच गेलं पाहिजे. स्वयंपाकघरात तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. ते आत जाऊन थिजतं, मग त्याला कचरा चिकटतो. अ‍ॅसिडच्या बाटल्या ओतून भांडं चकचकीत करायचा सोसही आवरा. टाकीतला मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात, गाळ लवकर साठतो आणि टाकी लवकर भरते. तुमच्या भांड्याची चमक शेवटी कुणाच्या तरी अंगावर येते.

पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळा, बाहेर लाल पेनने मोठा ठिपका काढा आणि वेगळे द्या. पुण्यात कचरा गोळा करणाऱ्या कष्टकरी बायांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था कितीतरी वर्षं हे सांगत आली आहे. घरोघरचा कचरा त्या हाताने निवडतात. ठिपका पाहिला की उघडून बघावं लागत नाही. फुटलेली काच, ब्लेड, इंजेक्शनची सुई यांचंही तेच. डब्यात बंद करा, वर लिहा. दहा सेकंदांचं काम आहे. घरातल्या मुलांना शिकवा, मुलींना एकट्यांना नको.

आणखी थोडंसं, पटकन. तुमचा वॉचमन बारा तास उभा असतो, तो लघवीला कुठे जातो? धुणं-भांड्याच्या मावशी चार घरं करतात, त्या कुठे जातात? सोसायटीत त्यांच्यासाठी संडास नसेल तर बांधा. असेल आणि त्याला कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे आहे ते विचारा. लिफ्टवर ‘कामवाल्यांसाठी नाही’ अशी पाटी असेल तर ती आजच काढा, त्याला सभा लागत नाही.

२६ जानेवारीला सफाई कामगारांचा सत्कार करतो आपण. शाल, श्रीफळ, फोटो. वाईट नाही. पण शाल पांघरून टाकीत उतरता येत नाही. गाडगेबाबांचं नाव घेऊन गावोगाव स्वच्छतेची अभियानं झाली. बाबा गावात आले की आधी झाडू हातात घ्यायचे, कीर्तन रात्री. आपण कीर्तन तेवढं ठेवलं.

मला जास्त आठवतात ते आप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. भंगीकाम ठरावीक जातीच्या कैद्यांनीच करायचं, असा तिथला रिवाज. आप्पासाहेब म्हणाले, ते काम मला द्या. मिळेना, तेव्हा अन्न सोडलं. त्यांच्यासाठी येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींनीही उपास धरला. एवढ्यावर आप्पासाहेब थांबले असते तरी आपण त्यांच्या तसबिरीला हार घातला असता. पण पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी संडासाची रचनाच बदलायचं मनावर घेतलं. ताज्या मैल्याला कुणाचा हातच लागू नये, असा संडास. लोक त्याला गोपुरी संडास म्हणत. स्वतः तो मैला उचलल्यावर त्यांना कळलं होतं, की हे काम कुणीच करायचं नाही. मान देऊन झाल्यावर पाइप, खड्डा, झाकण याच गोष्टी बदलायच्या असतात. तेच तुम्हाला सांगतोय.

आमच्या सोसायटीचं म्हणाल, तर आता गाडी येते. दर दोन वर्षांनी, एप्रिलमध्ये. पहिल्या वेळी तीन घरांनी पैसे द्यायला खळखळ केली, एकाने अजून दिलेले नाहीत. त्या पोराला मात्र मी नंतर शोधलं नाही. ठेकेदाराचा नंबर होता माझ्याकडे. केला नाही फोन. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायची असते आणि तिची नोटीस १४ दिवस आधी लागते. नोटीस लागण्याआधी सेक्रेटरीकडे एक चिठ्ठी द्या. ‘विषय: संडासाची टाकी दर दोन वर्षांनी यंत्राने उपसणे. माणूस उतरवला जाणार नाही.’ खाली तुमचं नाव, फ्लॅट नंबर आणि सही. चिठ्ठी पोचल्याची पोच मागून घ्या.